राखणदाराचं पोट कशावर चालतं, तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'घरच्या संगणकासाठी दहा उत्तम अँटिस्पायवेअर' (म्हणजे संगणकात लपून टेहळणी करणारं स्पायवेअर पकडणारे प्रोग्रॅम) असा तक्ता आला आहे. नाव, किंमत, तारे आणि शेवटच्या रकान्यात 'आमचं मत'. तक्ता नीटनेटका आहे आणि त्यातली नावंही खरी आहेत. पण नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार नावं एकमेकांची स्पर्धक असल्यासारखी वरखाली छापली आहेत, ती चारही एकाच मालकाची आहेत. अव्हास्टने 2016 मध्ये एव्हीजी विकत घेतली, नॉर्टनने 2021 च्या सुरुवातीला अविरा घेतली आणि 2022 मध्ये नॉर्टन नि अव्हास्ट एकत्र येऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. म्हणजे अव्हास्टवर चिडून एखाद्याने अविरा घेतलं, तरी पैसे पडतात त्याच गल्ल्यात. एका ओळीत सांगण्यासारखी गोष्ट होती, ती सांगितलेली नाही.

मी नोकरीभर लेखापरीक्षण केलं. आकडा बरोबर आहे का हे बघण्याआधी तो कोणी दिला आणि त्यात त्याला काय मिळतं, हे बघायची तेव्हा लागलेली खोड अजून सुटलेली नाही. आमच्याकडे एक साधा नियम असे. रोख हाताळणारा आणि हिशेब लिहिणारा माणूस एकच असू नये. तो कितीही सज्जन असला तरी नसावा. अँटिस्पायवेअरच्या धंद्यात हा नियम रोज मोडला जातो, कारण संगणकात काय शिरलंय हे सांगणारा आणि ते काढायचा इलाज विकणारा तिथे एकच असतो. म्हणून तुमच्या तक्त्यात 'किती पकडतं' या रकान्याशेजारी 'कमाई कुठून' असा आणखी एक रकाना हवा होता. एवढंच सांगायला पत्र लिहायला घेतलं, पण विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर लिहिते.

अँटिव्हायरस म्हणा, अँटिस्पायवेअर म्हणा (आता दोन्ही कामं एकच प्रोग्रॅम करतो, वेगवेगळी खोकी विकण्याचा काळ गेला), त्याला संगणकावर जेवढे अधिकार द्यावे लागतात तेवढे आपण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला देत नाही. तो उघडली जाणारी प्रत्येक फाइल वाचतो, चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमवर नजर ठेवतो, आपण कुठल्या संकेतस्थळावर गेलो ते तपासतो. काही कंपन्यांची सॉफ्टवेअरं तर स्वतःचं प्रमाणपत्र संगणकात बसवून कुलूपबंद (म्हणजे माहिती सांकेतिक रूपात नेणाऱ्या) जोडणीतही डोकावतात, कारण धोका तिकडूनही येऊ शकतो. हे सगळं कामापुरतं लागतं, मान्य. पण ही यादी आणि स्पायवेअर काय काय करतं याची यादी शेजारी शेजारी ठेवून बघा. फारसा फरक दिसणार नाही. फरक पडतो तो गोळा केलेली माहिती पुढे कुठे जाते यावर, आणि ते बाहेरून दिसत नाही.

कुंपणानेच शेत खाल्ल्याचं नोंदलेलं उदाहरण आहे. अव्हास्टचं फुकट अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी संगणकांवर होतं. 2020 च्या जानेवारीत मदरबोर्ड आणि पीसीमॅग या दोन नियतकालिकांनी मिळून उघड केलं, की या वापरकर्त्यांनी कुठली पानं कधी उघडली याचा तपशील जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकला जातो. नाव-पत्ता काढून टाकलेला असतो, असं कंपनीचं म्हणणं. पण एका यंत्राला दिलेला कायमचा क्रमांक आणि त्या यंत्रावरच्या प्रत्येक क्लिकची वेळ हातात असली, तर माणूस हुडकायला किती वेळ लागतो? जम्पशॉट लगोलग बंद झाली. पुढे 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टकडून 1 कोटी 65 लाख डॉलर वसूल करण्याचं ठरवलं आणि वापरकर्त्यांच्या भटकंतीची माहिती जाहिरातदारांना विकायला बंदी घातली. आयोगाचा मुख्य आक्षेप असा, की ट्रॅकिंग थांबवतो असं सांगून गिऱ्हाईक मिळवलं आणि ट्रॅकिंगचाच माल विकला. त्या सगळ्या वर्षांत पकडण्याच्या चाचण्यांत अव्हास्टला चांगले गुण मिळत होते आणि ते गुण खोटे नव्हते. तुमच्या तक्त्यातल्या ताऱ्यांवर माझा आक्षेप का आहे, ते यावरून कळावं.

पैसे मोजून घेतलेल्याचंही सांगते. नॉर्टनने 2021 मध्ये आपल्या विकत घेतलेल्या पॅकेजात क्रिप्टो चलन खणायचा, म्हणजे संगणकाची ताकद वापरून डिजिटल नाणी मिळवायचा, प्रोग्रॅम घातला. तो वापरायला गिऱ्हाइकाची संमती लागत होती, हे खरं. पण वीज तुमची, यंत्र तुमचं आणि 15 टक्के हिस्सा राखणदाराचा. असली सोय संरक्षणाच्या पॅकेजात का असावी, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता 'मोफत तपासणी' या प्रकाराबद्दल, कारण तुमच्या तक्त्यातल्या तीन नावांपुढे तो गुण म्हणून नोंदवला आहे. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानसाखळी. तिथे गिऱ्हाइकांच्या संगणकाची फुकट तपासणी करायचे, 'पीसी हेल्थ चेक' नावाच्या प्रोग्रॅमने. सुरुवातीला कर्मचारी चार प्रश्न विचारायचा: संगणक मंद झालाय का, मध्येच बंद पडतो का, पॉप-अप येतात का, व्हायरसचा इशारा कधी आलाय का. यातल्या एकाला जरी 'हो' म्हटलं आणि त्या चौकोनात खूण केली, तर तपासणीच्या शेवटी 'धोक्याची लक्षणं आढळली' असं यायचंच. मधल्या वेळात पडद्यावर फायलींची नावं सरकत राहायची, पण निकालाशी त्या फायलींचा संबंध नव्हता. निकाल त्या चार चौकोनांवर ठरलेला असे. मग दुरुस्तीचं बिल. 2019 मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं. संगणक मंद नाही असं सांगणारा माणूस जगात कोण आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

हे झालं उघड दुकानात. आडून चालणारे तर कितीतरी. विनफिक्सर, एररसेफ, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही नावं ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी संगणक वापरला त्यांना आठवतील. पडद्यावर खोटी तपासणी चालायची, लाल अक्षरांत धोके मोजले जायचे आणि पैसे भरले की 'सगळं साफ' व्हायचं. ट्रेड कमिशनने 2008 मध्ये यामागच्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग कंपनीवर खटला भरला आणि 2012 मध्ये त्यातल्या एका प्रतिवादीवर 16 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा झाला. संपादक महाशय, यातला एक तपशील मुद्दाम तुमच्यासाठी. या जाहिराती भल्या संकेतस्थळांवरही झळकत होत्या. जाहिरात-दलालांना दाखवताना भलत्याच नामांकित संस्थेची साधी जाहिरात दाखवायची आणि वाचकाने पान उघडलं की त्याला खोट्या तपासणीकडे ढकलायचं, अशी ती युक्ती होती. संरक्षणावरच्या लेखाच्या बाजूला कुठली जाहिरात येते, त्यावर कोणाचं लक्ष असतं, हेही एकदा कळू द्या.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचा परवाचा प्रसंग सांगते, कारण निवड कुठे चुकते ते त्यात दिसतं. "ताई, हा दर पाच मिनिटांनी सांगतोय की व्हायरस सापडले. तीन-तीन अँटिव्हायरस घातले तरी हा गप्प बसत नाही." मी म्हटलं, "सर, आता आला की हात लावू नका, मला नुसता दाखवा." आला. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोन, लाल ढाल, 'तुमची मुदत संपली, 5 व्हायरस आढळले' आणि मोठं बटण. पण मथळ्याखाली बारीक राखाडी अक्षरांत ब्राउझरचं नाव होतं, आणि त्याशेजारी एका संकेतस्थळाचा पत्ता. नुसती अक्षरं आणि आकडे, अर्थ शून्य. संगणकात व्हायरस वगैरे काही नव्हतंच. सरांनी कधीतरी एका पानावर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं वाचून 'अलाउ' दाबलं होतं. त्या संकेतस्थळाला सूचना पाठवायची परवानगी मिळाली आणि ते इमानेइतबारे सूचना पाठवत राहिलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडलं, परवानगी असलेल्या संकेतस्थळांची यादी काढली, त्यातला तो पत्ता आणि त्याचे तीन भाऊबंद काढून टाकले. सगळं थांबलं. तीन अँटिव्हायरसपैकी एकालाही यात काही गैर दिसलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांना फार बोल लावता येत नाही. परवानगी मालकाने दिलेली होती.

बोल लावायचा तो दुसऱ्या गोष्टीला. त्यातल्या पैसे भरून घेतलेल्या एका प्रोग्रॅमने शेकड्याने 'धोके' दाखवले होते. मी यादी उघडायला लावली. जवळपास सगळ्या कुकीज. कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी मजकुराची नोंद. जाहिरातवाले तिच्यावरून माग काढतात, तेव्हा ती नको असणं समजू शकतं. पण ती प्रोग्रॅम नाही, ती आपणहून काही करत नाही, आणि ब्राउझरमध्येच दोन क्लिकमध्ये पुसता येते. तिला घुसखोरांच्या मोजणीत धरणं म्हणजे ताळेबंद फुगवणं. तेव्हा निवडीची माझी पहिली चाळणी ही: सापडलेल्या गोष्टींची नावं, जागा आणि त्या धोकादायक का आहेत हे जो प्रोग्रॅम उघड दाखवत नाही, नुसता मोठा आकडा आणि लाल रंग दाखवतो, त्याला बाहेरचा रस्ता. आणि शोधायला फुकट पण काढायला पैसे, असा सौदा असेल तर तो आकडा वाचायचीही तसदी घेऊ नका.

मग घ्यायचं काय? तुमच्या तक्त्यात जे नव्हतंच, ते. विंडोजचा संगणक असेल तर त्यात मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर आधीपासून असतं. गंमत अशी, की त्याचा जन्मच स्पायवेअरवरचा उपाय म्हणून झाला. मायक्रोसॉफ्टने 2004 च्या डिसेंबरात जायंट नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्याच अँटिस्पायवेअरचं पुढे विंडोज डिफेंडर झालं. विस्टा आणि विंडोज 7 मध्ये ते फक्त स्पायवेअर बघायचं. 2012 साली विंडोज 8 पासून त्यात पूर्ण अँटिव्हायरस आलं. सुरुवातीच्या वर्षांत ते चाचण्यांत मागे असे, आणि 'डिफेंडर काही कामाचं नाही' ही समजूत त्या काळची आहे. अजून तीच उगाळली जाते. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, संगणकाचा वेग आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी 6, असे 18 पैकी गुण देते. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज वेगळ्या पद्धतीने श्रेणी लावते. दोघींचे निकाल फुकट वाचता येतात. अलीकडची कुठलीही यादी काढा, डिफेंडर वरच्या घोळक्यात दिसेल.

हे निकाल वाचताना एक सांगते. वरच्या घोळक्यातल्यांच्या पकडीत फरक बहुधा एखाद्या टक्क्याचा, तोही महिन्यागणिक खालीवर होणारा. तेवढ्यावर पहिला-दुसरा क्रमांक ठरवणं म्हणजे उगाच. बघण्यासारखा रकाना खोट्या इशाऱ्यांचा असतो, निर्दोष फायलीला किती वेळा चोर ठरवलं तो. तिथे फरक ठळक दिसतो. घरात तो महत्त्वाचा, कारण सारखा खोटा ओरडणारा प्रोग्रॅम माणसं चार दिवसांत बंद करून ठेवतात.

डिफेंडर नुसतं असून भागत नाही, त्यातल्या दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' नावाचं बटण आहे, त्याखाली दोन चौकोन. दुसरं काहीतरी उतरवताना गुपचूप सोबत येणारे टूलबार, जाहिराती घुसवणारे प्रोग्रॅम, म्हणजे घरोघरी आढळणारं स्पायवेअर, ते इथे अडतं. बटण आणि दोन्ही चौकोन चालू हवेत. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे ना, तेही पाहा, कारण आत शिरलेल्याचं पहिलं काम राखणदाराला झोपवणं हेच असतं. संशय दाट असेल तर तिथेच 'ऑफलाइन स्कॅन' आहे. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पुरतं उठायच्या आत तपासणी होते, त्यामुळे विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्याला तिथे आडोसा मिळत नाही. पंधराएक मिनिटं जातात, त्याआधी उघड्या फायली जतन करून घ्या. मॅकवाल्यांकडेही ॲपलचं एक्सप्रोटेक्ट आतूनच चालू असतं.

संरक्षण खरंच जागं आहे का, हे बघायला चोराची वाट बघायला नको. आयकार या संस्थेने ठरवून दिलेली 68 अक्षरांची एक ओळ आहे. पूर्ण निरुपद्रवी, पण सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी तिला धोका समजायचं हे आपसात ठरलेलं. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती फाइल उतरवायला घ्या. उतरवू दिली आणि कोणी हूं की चूं केलं नाही, तर तुमचा पहारा झोपलाय. ज्यांच्या हाती संगणक दुरुस्तीला देता त्यांच्यासमोरही हे करून बघायला हरकत नाही.

दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्ससारखा प्रोग्रॅम त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावा आणि फुकट आवृत्तीत, मागितल्यावरच तपासणी करणारा म्हणून ठेवावा. सुरुवातीला तो पूर्ण आवृत्तीची काही दिवसांची चाचणी देऊ करतो. तिला नाही म्हटलं तरी चालतं. चोवीस तास पहारा देणारे दोन प्रोग्रॅम मात्र एका संगणकावर नकोत. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना आडवे येतात, एकमेकांच्या कामाला संशयास्पद ठरवतात, आणि सरांचा संगणक सुरू व्हायला एवढा वेळ का घेत होता त्याचं उत्तर तेच होतं. तिसरं अँटिव्हायरस काढलं आणि ते म्हणाले, "ताई, नवा घ्यायचं ठरवत होतो हो!" एखाद्याच फायलीबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल या गुगलच्या संकेतस्थळावर ती टाकता येते, तिथे सत्तरच्या आसपास कंपन्यांची मतं एकाच पानावर मिळतात. फक्त आपली खाजगी कागदपत्रं तिथे टाकू नका, टाकलेली फाइल इतर अभ्यासकांना मिळू शकते.

आता जिथे कुठलाच राखणदार पुरा पडत नाही तो भाग. हल्लीचं स्पायवेअर बहुतेक 'इन्फोस्टीलर' जातीचं. ते महिनोन्महिने बसून टेहळणी करत नाही. आलं, ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज उचलल्या, पाठवल्या, बऱ्याचदा स्वतःला पुसूनही टाकलं. लुमा नावाच्या अशा एका प्रोग्रॅमची लागण 2025 च्या मार्च ते मे या दोन महिन्यांत 3 लाख 94 हजारांहून जास्त विंडोज संगणकांना झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आणि न्यायालयाच्या हुकमाने त्याचे सुमारे 2,300 पत्ते बंद पाडले. हे घरात येतं कसं? महागड्या सॉफ्टवेअरच्या 'क्रॅक'मधून, म्हणजे पैसे न भरता वापरायला कुलूप तोडलेल्या आवृत्तीतून, आणि हल्ली एका नव्याच युक्तीने. पान उघडतं, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणतं आणि पायऱ्या सांगतं: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्या पायरीने आज्ञा द्यायची खिडकी उघडते, दुसरीने पानाने गुपचूप नक्कल करून ठेवलेली आज्ञा तिच्यात चिकटते, तिसरीने आपण स्वतःच ती चालवतो. खरी कुठलीही 'माणूस' तपासणी ब्राउझरच्या बाहेर जात नाही. घरातल्या प्रत्येकाला, आजोबांपासून नातवापर्यंत, हे एक वाक्य पाठ करायला लावा.

चोरीला गेलेल्या लॉग-इनच्या कुकीने पासवर्ड न विचारताच खात्यात शिरता येतं, म्हणून अशी लागण सापडली की संगणक साफ करून थांबू नये. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलायचे, आणि प्रत्येक खात्यात 'सगळीकडून बाहेर पडा' असा जो पर्याय असतो तो दाबायचा. मेलचं खातं पहिलं, कारण बाकीच्या सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याची वाट तिथूनच जाते.

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, हा असाच आणखी एक चोरदरवाजा. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचं एक्स्टेन्शन वीस लाखांवर लोक वापरत होते आणि चांगलं होतं. 2020 मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं, 2021 च्या फेब्रुवारीत गुगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते काढून टाकलं. बसवताना ते चोख होतं, त्यामुळे बसवतानाच्या तपासणीला त्यात काय दिसणार? 'सर्व संकेतस्थळांवरची तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे' अशी परवानगी मागणाऱ्यांपैकी ज्यांच्यावाचून अडत नाही तेवढीच ठेवा. शिवाय रोजच्या वापराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेलं साधं खातं वापरावं. कुठल्याही विकतच्या पॅकेजाइतका, मला वाटतं थोडा अधिकच, त्याचा उपयोग होतो, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही कारण त्यात विकायला काही नाही.

माझं बोलणं मायक्रोसॉफ्टची भलामण वाटेल, म्हणून त्यांनाही तोच रकाना लावते. विंडोज स्वतःच वापराची बरीच माहिती कंपनीकडे पाठवतं. 2024 च्या मे महिन्यात त्यांनी 'रिकॉल' जाहीर केलं: काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून साठवायचा, म्हणजे मागचं काही शोधता येईल. दुसऱ्या कोणी हे विचारल्याशिवाय केलं असतं तर डिफेंडरनेच त्याला पकडलं असतं! आरडाओरडा झाला, ते लांबलं, आणि आता मालकाने सुरू केलं तरच सुरू होतं, तेही ठरावीक नव्या संगणकांवर. तरीही घरासाठी मी डिफेंडरच सांगते, कारण विंडोज वापरतो तेव्हा मायक्रोसॉफ्टवर भरवसा ठेवलेलाच असतो. त्यावर आणखी एका कंपनीचा भरवसा कशाला वाढवायचा, हा प्रश्न आधी सुटायला हवा. आणि ती दुसरी कंपनी उद्या कोणाची असेल, तेही कोणी सांगावं? अमेरिकेने 2024 मध्ये कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांच्या संगणकावरून एका दिवशी कॅस्परस्की गायब झालं आणि त्या जागी अल्ट्राएव्ही नावाचं दुसरंच अँटिव्हायरस येऊन बसलं. कंपनीने मेल पाठवले होते, पण ते न वाचलेल्यांना पडद्यावर अनोळखी राखणदार दिसला.

विकतचं कोणी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. घरात विंडोज, मॅक आणि फोन मिळून बरीच यंत्रं असतील, मुलांवर लक्ष ठेवायची सोय हवी असेल, अडलं तर फोनवर बोलायला माणूस हवा असेल, तर त्या सोयींसाठी पैसे द्यावेत. तेव्हा मात्र गोपनीयतेच्या धोरणात 'तृतीय पक्ष' शब्द शोधून त्याच्या आसपासची चार वाक्यं वाचावीत, आणि मालक कोण ते बघावं. नवं अँटिव्हायरस घेऊन जुनं विंडोज तगवायचा विचार असेल तर तो सोडा. विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 नंतर नेहमीचे अपडेट मिळत नाहीत, आणि अपडेट नसलेल्या भिंतीतली भोकं अँटिव्हायरस बुजवत नाही. मुदतवाढीची योजना आहे तिच्यात नाव घाला, नाहीतर विंडोज 11 वर जा.

तुमच्याकडे मागणं एवढंच, की असा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे मालक कोण ते द्या, आणि ई-आवृत्तीतल्या 'इथून घ्या' या दुव्यांवर वृत्तपत्राला दलाली मिळते का, तेही स्पष्ट लिहा. मिळत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त वाचकाला माहीत हवं. ही अपेक्षा जादा वाटत असेल तर केप टेक्नॉलॉजीजचं उदाहरण आहे. व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारी सेवा) विकणाऱ्या या कंपनीने 2021 मध्ये व्हीपीएनची परीक्षणं छापणारी संकेतस्थळं चालवणारी कंपनीच विकत घेतली. त्याआधी तिचं नाव क्रॉसरायडर होतं, आणि ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरशी ते नाव बरीच वर्षं जोडलं गेलं होतं.

ज्या वाचकांनी रविवारी तक्ता बघून सोमवारी पैसे भरले असतील, त्यांच्यासाठी शेवटचं. खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा, पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी राहत नाही. आधीचं अँटिव्हायरस काढताना नुसतं 'अनइन्स्टॉल' पुरत नाही. बहुतेक कंपन्या आपलं सॉफ्टवेअर मुळासकट काढायचा छोटा प्रोग्रॅम स्वतःच्या संकेतस्थळावर देतात, तो वापरा. मग संगणक पुन्हा सुरू करून 'विंडोज सिक्युरिटी'त बघा, पहाऱ्यावर कोणाचं नाव लागलंय. जुनं गेलं आणि डिफेंडर उठलंच नाही, असं कधी कधी होतं. तिथे हिरवी खूण दिसेपर्यंत ब्राउझर उघडू नका.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक